पोर्ट्रेटचं सिटिंग मोडलं, ड्युटीचा फोन आला. चित्रकार सरांची माफी कशी मागावी?

कागलची_सून | १३ मे २०२५, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, विषय जरा वेगळा आहे.

माझे मिस्टर फौजेत आहेत. या उन्हाळ्यात सुट्टीवर आले होते. सासूबाईंची फार वर्षांची इच्छा की लेकाचं वर्दीतलं तैलचित्र असावं, फोटो नको, समोर बसवून काढलेलं हवं. कोल्हापुरात एक ज्येष्ठ चित्रकार आहेत, कलाशिक्षक म्हणून निवृत्त झालेत, आता फार कामं घेत नाहीत. आमच्या ओळखीतून त्यांनी हे घेतलं. सकाळची वेळ ठरली, कारण त्यांच्या खोलीत उत्तरेकडच्या खिडकीतून तेव्हा उजेड चांगला असतो म्हणे. सगळ्या सकाळी त्यांनी आमच्यासाठी राखल्या आणि दुसऱ्या एका माणसाला नाही म्हटलं हे मला नंतर त्यांच्या सूनबाईंकडून कळलं.

पहिलं सिटिंग झालं. चेहऱ्याची ठेवण, खांदे, कॉलर एवढं आलं होतं. आणि ७ मेला रात्री फोन, सुट्टी रद्द, ताबडतोब निघा. सकाळच्या आत बॅग भरून हे स्टेशनवर. तिथून यांनी सरांना फोन केला, "सर मला येता येणार नाही, माफ करा", एवढंच. कारण सांगता येईना, मागे गाडीची अनाउन्समेंट चालू. सर "बरं, सांभाळून जा" म्हणाले आणि फोन ठेवला.

आता परवा यांचा फोन आला तेव्हा पहिल्या दोन मिनिटांत हेच, की माझ्या वतीनं सरांची नीट माफी माग, मला घाईत बोलताच आलं नाही. सासूबाई म्हणतात माफी कसली, तो काय सहलीला गेलाय का, देशाच्या कामाला गेलाय, सरांना कळत नसेल का. मला हे पटत नाही. कारण कितीही मोठं असलं तरी सरांच्या सकाळी गेल्या त्या गेल्याच ना. पण मग माफी मागायची ती कशी, पत्र लिहू का जाऊन भेटू, आणि दिलेल्या ॲडव्हान्सचं काय बोलू? तो परत मागायचा अजिबात विचार नाही, पण विषय काढला तरी सरांना वाटेल की त्यासाठीच आलीय. अनुभवी लोकांनी सांगा.

राजारामपुरी | ९:२०

वहिनी, साहेब सुखरूप आहेत ना? आधी ते सांगा, चित्राचं बघू मागनं.

कागलची_सून | ९:३१

हो हो, सुखरूप. आवाज ऐकला की बरं वाटतं. विचारल्याबद्दल खूप आभार.

संपादक_मंडळ | ९:४०

धागा चांगला आहे, चालू राहू दे. फक्त एक विनंती, कुणीही युनिट, ठिकाण, गाडीचं नाव, पोचल्याची तारीख असं काही लिहू नये आणि विचारूही नये. असे प्रतिसाद दिसले की काढून टाकू.

निवृत्त_सुभेदार | १०:०५

सूनबाई, संपादकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, ते पाळा.

बाकी लोकांसाठी सांगतो. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस कॅज्युअल मिळते, पण रजा हा हक्क नाही, ती कधीही बोलावून घेता येते. आणि परत जाण्याचं आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ३९ मध्ये सरळ लिहिलंय. रजेवर असताना आपली पलटण ॲक्टिव्ह सर्व्हिसवर निघाल्याचं अधिकृत कळलं आणि सबळ कारणाशिवाय माणूस विनाविलंब परत गेला नाही, तर तो विनारजा गैरहजर धरला जातो. त्यामुळे "सिटिंग संपवून जातो" असा पर्याय त्याच्याकडे नव्हता. हे सिव्हिलमधल्या माणसाला माहीत असेलच असं नाही, चित्रकार सरांनाही नसेल.

मी स्वतः १९९९ साली घरी होतो. कारगिल सुरू झालं, तार नाही, फोन शेजारच्या दुकानात आला. बहिणीचं लग्न तोंडावर. मंडपवाल्याला, आचाऱ्याला, कुणालाही नीट सांगता आलं नाही, वडिलांनी सगळं निभावलं. पण आमचे वडील त्या प्रत्येकाकडे स्वतः चालत गेले होते. "पोरगा गेला, तुम्हाला शब्द दिला होता तो मी पाळतो" म्हणून. परत आल्यावर आचारी मला भेटला तेव्हा लग्नाचं नाही, वडील त्याच्या दारात आले होते त्याचंच बोलला.

तर माझं मत, जाऊन भेटा.

विदर्भाचा_वारा | १०:१८

काऊन एवढं टेन्शन घेता ताई? माणूस सीमेवर गेला, त्याची माफी कायची? चित्रकारानंच फोन करून विचारायला पायजे होतं की बाबा पोचला का नीट. अन् चित्राचं म्हणाल तर एक चांगला फोटो द्या त्यांना, वर्दीतला. आजकाल सगळे फोटोवरूनच काढतात. काम थांबत नाही, माफी लागत नाही, विषय मिटला.

तैलरंग | १०:५२

मी पोर्ट्रेट करतो, पोटासाठी हेच करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. @विदर्भाचा_वारा, भावना समजली पण दोन गोष्टी पटल्या नाहीत.

एक, फोटो. सासूबाईंनी फोटो नको म्हटलंय, त्यामागे हट्ट नाही. फोटोत कॅमेरा एकाच क्षणाचा, एकाच डोळ्याचा. समोर बसलेला माणूस तासाभरात दहा वेळा बदलतो, सुरुवातीला ताठ बसतो, मग खांदे सैल होतात, मग बोलायला लागतो, मग त्याच्या डोळ्यात काहीतरी येतं आणि तुम्ही त्यातलं निवडता. सावलीतला रंग फोटोत काळा होऊन जातो, प्रत्यक्षात कानाच्या पाळीखाली, हनुवटीखाली किती रंग असतात. कोल्हापुरात तर आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, बाबा गजबर यांच्यापासून समोर बघून काढायची परंपरा, त्यात वाढलेल्या जुन्या माणसाला "फोटो घ्या आणि संपवा" म्हणणं हे सिटिंग मोडण्यापेक्षा जास्त लागेल.

दोन, त्यांच्या सकाळी. पोर्ट्रेटवाल्याच्या घरात एक सिटिंग मोडतं तेव्हा काय होतं ते सांगतो. कॅनव्हास ताणून, प्रायमर देऊन, टोन मारून तयार असतो. पॅलेट आदल्या रात्री डोक्यात लावलेलं असतं, या माणसाच्या कातडीला यलो ऑकर किती, व्हेनेशियन रेड किती. सकाळी खुर्ची त्याच जागी, खडूनं पायांच्या खुणा केलेल्या. आणि मग कुणी येत नाही. त्या दिवशी दुसरं काही सुरू करता येत नाही हो, मन त्याच चेहऱ्यात असतं. पैसे तर जातातच, पण हे जास्त लागतं. म्हणून माफी मागावीच. कुणाची चूक झाली म्हणून मागायची असं नाही, त्यांचं काहीतरी गेलंय ते आम्हाला दिसलं, एवढं सांगायला मागायची.

आता एक चांगली बातमी. एकच सिटिंग झालंय म्हणजे टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या अंबर या तपकिरी रंगानं मांडणी झाली असणार. हा थर लवकर वाळतो, अंबरमधल्या मँगनीजमुळे, आणि वर्षभर थांबला तरी त्याचं काही बिघडत नाही. वर नंतर जाड, तेलकट रंग चढवायचा असतो, तो कोरड्या पातळ थरावर उलट नीट बसतो. अडचण चित्र अर्ध्याच्या पुढे गेल्यावर येते, तेव्हा चेहऱ्याचा एक भाग संपलेला आणि दुसरा कच्चा असतो आणि माणूस परत येतो तो उन्हानं करपून, वजन उतरून. म्हणजे मोडायचं तर याच टप्प्यावर मोडलेलं बरं. पण हे तुम्ही सरांना सांगू नका, ते त्यांना माहीतच आहे, त्यांनाच म्हणू द्या.

चिपळूणकर | ११:०३

तैलरंग यांचा प्रतिसाद जपून ठेवला. मला वाटायचं चित्रकाराला काय, आज नाय तर उद्या.

वैनी, एक विचारू? साहेबांना मिशी आहे का? असेल तर परत येईपर्यंत तिकडं अजून वाढवून येतील, सरांना म्हणावं मिशीची जागा मोकळी ठेवा.

कागलची_सून | ११:१५

आहे आहे :) आणि सासूबाईंची मुख्य मागणी तीच, मिशी व्यवस्थित आली पाहिजे. आज दिवसभरात पहिल्यांदा हसले.

इतिहासवेडी | १४ मे २०२५, सकाळी ७:४४

रात्री हा धागा वाचला आणि झोप उडाली, कारण हा प्रकार चित्रकलेच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतो. फौजी माणूस आणि पोर्ट्रेट यांचं वेळापत्रक कधी जमतच नाही.

जाक-लुई दाविद या फ्रेंच चित्रकारानं नेपोलियनला इटलीच्या मोहिमेनंतर समोर बसवलं. नेपोलियन एकदाच बसला, साधारण तीन तास, नंतर आलाच नाही. ते चित्र आज लूव्हरमध्ये आहे, डोकं आणि वरचं अंग तेवढं रंगवलेलं, बाकी कॅनव्हास तसाच. पुढे घोड्यावरून आल्प्स ओलांडतानाचं जे प्रसिद्ध चित्र आहे त्यासाठी तर तो बसायलाच तयार नव्हता. मला विचाराल तर अर्धवट चित्रातला माणूस जास्त खरा वाटतो.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. थॉमस लॉरेन्स या इंग्रज चित्रकाराला १८१४ मध्ये नेपोलियनविरुद्ध लढलेल्या राजांची आणि सेनापतींची पोर्ट्रेट करायचं काम मिळालं. लंडनमध्ये काही सिटिंग झाली आणि १८१५ मध्ये नेपोलियन एल्बा बेटावरून निसटला, सगळे परत लढाईला! काम अडकलं. शेवटी १८१८ मध्ये लॉरेन्सच आखेन, व्हिएन्ना, रोम असा त्या लोकांच्या मागे फिरला आणि ती मालिका पुढे नेली. विंडसरच्या किल्ल्यात वॉटर्लू चेंबरमध्ये ती चित्रं आहेत. चार वर्षं थांबलेली सिटिंग पूर्ण होतात, तुमचंही होईल.

अक्षरगंध | ८:१०

मस्त माहिती. पण राजांना कोण नाही म्हणणार, आणि चित्रकाराला त्याचे पैसे सरकार देणार. आपल्याकडचं उदाहरण आहे का काही?

इतिहासवेडी | ८:३६

@अक्षरगंध, आहे की. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं त्यानं केलेलं चित्र प्रसिद्ध आहे, महादजी शिंद्यांचंही केलं. गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार त्याच्याबरोबर काम करायचा. दौलतीचा सगळा कारभार डोक्यावर असलेला नाना एका परदेशी चित्रकारासमोर बसत होता, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि एक जोडून. १८०३ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यात असईला मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली, तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १८१२ च्या ऑगस्टमध्ये तो सालामांकाची लढाई जिंकून माद्रिदमध्ये शिरला तेव्हा गोया या स्पॅनिश चित्रकारानं त्याचं पोर्ट्रेट केलं. वेलिंग्टन पुढच्या मोहिमेवर गेला, त्याला नवनवे सन्मान मिळत गेले, आणि गोयाला ते चित्र परत उघडून छातीवरची पदकं बदलावी लागली. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. म्हणजे कागलची_सून, तुमच्या सरांना सांगा पदकांची जागा शेवटी भरा.

राजारामपुरी | ८:४१

मिशीची जागा मोकळी, पदकांची जागा मोकळी. सरांनी नुसता कॅनव्हासच ठेवायचा का भिंतीवर?

मेहुणा_टीएवाला | ९:२५

थोडं माझ्याकडचं. माझा मेहुणा टेरिटोरियल आर्मीत आहे. एरवी फर्निचरचा धंदा, आणि वर्षातून ट्रेनिंग. ६ मेच्या अधिसूचनेनं लष्करप्रमुखांना टीए बोलवायचे अधिकार मिळाले, ३२ पैकी १४ पायदळ बटालियन तैनात करायचं त्यात होतं, ते आल्यापासून त्याच्या घरी बॅग दारात भरून ठेवलेली. नेहमीच्या जवानाचं निदान सगळ्यांना माहीत असतं की हा फौजी. टीएवाल्याचं गिऱ्हाईक म्हणतं, तू तर सुतार, तू कुठं निघालास?

त्यानं एक पद्धत ठेवलीय, ती मला फार आवडते. काम घेतानाच सांगतो, "मला कधीही बोलावणं येऊ शकतं, आलं तर हे काम अमुक माणूस बघेल किंवा तुमचे पैसे परत." त्यामुळे ऐनवेळी माफी मागायची वेळ आली तरी ती अचानक वाटत नाही. सूनबाईंना आता उपयोग नाही, पण इथे वाचणाऱ्या इतर फौजी घरांनी हे लक्षात ठेवावं. फोटोग्राफर, हॉलवाले, डॉक्टरची अपॉइंटमेंट, सगळीकडे आधी एक वाक्य बोलून ठेवावं.

विदर्भाचा_वारा | ९:५०

तैलरंगभाऊ, तुमचं वाचलं. फोटोचं मागं घेतो, पटलं. पण माफीवर मी अजून अडून आहे. आमच्या गल्लीतला पोरगा पॅरामिलिटरीत आहे, तो सुट्टीत येतो तेव्हा त्याची माय सगळ्यांची माफीच मागत फिरते, लग्नाला आला नाही, बारशाला आला नाही, मयतीला आला नाही. कधी कधी वाटते या बाईनं कुणाकुणाची माफी मागावं? लोकांनी तिची मागायला पायजे. त्या रागातून लिहिलं होतं.

तैलरंग | १०:०८

हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. आता तुमचं म्हणणं कळलं. लग्नाला न येणं आणि कुणाचं काम अडणं यात मी फरक करतो. नातेवाइकांनी समजून घ्यावं, तिथं तुमच्याशी सहमत. सर नातेवाईक नाहीत, त्यांनी काम घेतलं होतं.

पुष्पावती | ११:३०

मला एक सुचतंय. वर्दी घरी आहे का? असेल तर दिराला किंवा कुणा भावाला घालून सरांसमोर बसवा, तेवढा भाग होऊन जाईल. चेहरा नंतर.

अक्षरगंध | ११:३४

अहो नको, सिव्हिलियननं लष्करी वर्दी घालणं गुन्हा आहे.

वकील_साहेबा | १२:०२

अर्धं बरोबर. पूर्वीचं आयपीसी १४०, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १६८. त्यात मुख्य गोष्ट हेतूची आहे, लोकांना आपण सैनिक आहोत असं वाटावं म्हणून घातली तर गुन्हा. बंद खोलीत चित्रकारासमोर बसणं त्यात येत नाही. पण सध्याचे दिवस बघता त्या कपड्यात रस्त्यानं जाऊ नका, उगाच गैरसमज.

निवृत्त_सुभेदार | १२:२०

कायद्यात बसो न बसो, दुसऱ्याच्या अंगावर ती वर्दी चढवू नका. ती ज्याची त्यानंच घालावी, एवढं माझं ऐका. खुर्चीला किंवा शिंप्याच्या पुतळ्याला घालून ठेवा, चित्रकाराला घड्या बघायच्या तर त्यावर दिसतील.

तैलरंग | १२:३१

सुभेदार साहेबांना दुजोरा. पुतळ्यावर कपडे चढवून रंगवणं ही जुनी, रुळलेली पद्धत आहे. पण तेही सरांनी विचारलं तरच. कसं काढायचं ते त्यांना सुचवू नका.

कॅनव्हास_सांगली | दुपारी ३:१५

लिहू की नको असं झालंय, तरी लिहितो. मी शाळांसाठी, ग्रामपंचायतींसाठी शहीद जवानांची चित्रं करतो. घरचे येतात ते ओळखपत्रावरचा फोटो घेऊन, नाहीतर ग्रुप फोटोतला अंगठ्याएवढा चेहरा. डोळ्यांचा रंगसुद्धा आईला विचारून करावा लागतो. प्रत्येक वेळी वाटतं, हा माणूस एकदा, अर्धा तास जरी माझ्यासमोर बसला असता. म्हणून ताई, तुमच्या सरांकडे एक सिटिंग झालेलं आहे ही फार मोठी गोष्ट आहे. ते जपा.

पुष्पावती | ३:२२

अहो काय हे! त्यांचे मिस्टर ड्युटीवर आहेत आणि तुम्ही इथे काय लिहिताय? जरा भान ठेवा. काढून टाका तो प्रतिसाद.

आपशिंगेकर | ४:००

पुष्पावतीताई, तुमची काळजी कळते. पण आमच्या गावाचं नावच आपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात इथले ४६ जण गेले ते परतले नाहीत, गावात त्यांचं स्मारक आहे. आमच्याकडं घराघरात वर्दीतले फोटो लावलेत, जे आहेत त्यांचेही आणि नाहीत त्यांचेही, शेजारी शेजारी. लहानपणापासून आम्ही त्याखाली जेवलोय. यात अशुभ काही नाही. फौजी घरातल्या बाईला हे कुणी सांगायला लागत नाही, ती सगळं धरूनच राहते. सांगलीकरांनी मनापासून लिहिलंय.

कागलची_सून | ५:४५

पुष्पावतीताई, माझ्यासाठी बोललात, मनापासून आभार. पण तो प्रतिसाद राहू द्या. वाचताना पोटात कालवलं हे खरं, पण खोटं काही नाही त्यात. सासूबाईंना फोटो का नको होता ते मला आज कळलं. सासरे गेले तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो होता, तोही मतदार यादीसाठी काढलेला.

रात्री पत्राचा मसुदा टाकते, सुधारून द्या.

कागलची_सून | रात्री १०:१०

"आदरणीय सर, सा. न. वि. वि. आमच्या घरातून सिटिंगसाठी येणं अचानक रद्द झालं त्याबद्दल मी आणि हे, दोघंही आपली मनापासून माफी मागतो. देशावर आलेल्या प्रसंगामुळे यांना तातडीनं जावं लागलं, हे आपण समजून घ्यालच. आपला मौल्यवान वेळ गेला. सुट्टी मिळताच पुढच्या महिन्यात हे नक्की येतील. ॲडव्हान्सबद्दल काळजी नसावी. आपली नम्र..."

अक्षरगंध | १०:२२

छान आहे. "मौल्यवान वेळ" जरा सत्काराच्या पत्रासारखं वाटतंय.

तैलरंग | १०:४०

तीन ठिकाणी हात लावतो, राग मानू नका.

"समजून घ्यालच" काढा. हे लिहिलं की समोरच्याला वाईट वाटायचीही मुभा उरत नाही. ते समजून घेतील, पण ते त्यांचं त्यांना करू द्या. "देशावर आलेल्या प्रसंगामुळे" याऐवजी जे झालं ते सरळ लिहा, रात्री फोन आला, सकाळच्या आत निघावं लागलं, फोनवर कारण सांगायची परवानगी नव्हती. त्या तुटक फोनचा उलगडा त्यांना हवा असणार.

आणि "मौल्यवान वेळ" ऐवजी तुम्हाला जे माहीत आहे ते लिहा: आमच्यासाठी तुम्ही दुसरं काम नाकारलं होतं.

निवृत्त_सुभेदार | १०:५५

चौथं मी सांगतो. "पुढच्या महिन्यात नक्की येतील" हे अजिबात लिहू नका. फौजी घरानं तारीख कधी देऊ नये. दिली आणि परत मोडली तर दुसऱ्या माफीला वजन राहत नाही. "सुट्टी मंजूर होऊन घरी पोचल्यावरच आपल्याला विचारू" असं लिहा.

मेहुणा_टीएवाला | ११:०२

आणि ॲडव्हान्सचं गोलमाल नको. स्पष्ट लिहा, दिलेली रक्कम त्या सकाळींची समजावी, पुढचं काम सुरू होईल तेव्हा आपण सांगाल तसं. एका ओळीत संपवा. पैशाचं लपवून बोललं की समोरच्याला जास्त अवघड होतं.

कागलची_सून | ११:४८

हे बघा:

"आदरणीय सर, सा. न. वि. वि. ७ मेच्या रात्री यांना परत बोलावणं आलं आणि सकाळच्या आत निघावं लागलं. स्टेशनवरून आपल्याला फोन केला तेव्हा कारण सांगायची मुभा नव्हती, त्यामुळे बोलणं तुटक झालं. त्याची रुखरुख यांना लागून राहिली आहे, तिकडून फोन आला तेव्हाही हेच बोलले. आपण आमच्यासाठी सगळ्या सकाळी राखल्या होत्या आणि दुसरं काम नाकारलं होतं. ते नुकसान आमच्यामुळे झालं, त्याबद्दल माफी मागते. दिलेली रक्कम त्या सकाळींची समजावी. हे सुट्टीवर घरी पोचले की मगच आपल्या सवडीचं विचारू. तोवर चित्राचं काय करायचं ते सर्वस्वी आपण ठरवावं."

विदर्भाचा_वारा | ११:५५

आता हे वाचून मलेच माफ करावंसं वाटून राह्यलं. द्या ताई हे पत्र. माझा विरोध संपला.

चिपळूणकर | १५ मे २०२५, सकाळी ६:५०

पत्र हातानं लिहा, टाइप नको. आणि पोस्टानं नको, घेऊन जा.

कागलची_सून | १८ मे २०२५, रात्री ८:३०

आज जाऊन आले. सासूबाई म्हणाल्या मी येणार, पण माफी तू माग. तशा आल्या, घरचं कैरीचं लोणचं घेऊन.

सरांनी दार उघडल्या उघडल्या विचारलं, "पोचला का नीट?" मग पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस राग आला होता, कारण कळलं नव्हतं. मग बातम्या बघितल्या आणि अंदाज आला, तेव्हा रागाची जागा काळजीनं घेतली, पण तुमच्या घरी फोन कसा करावा, काय विचारावं कळेना. म्हणजे तेही अडकले होते आणि आम्हीही. सासूबाई हे ऐकून जरा गप्प झाल्या आणि मग त्यांनीच म्हटलं, "तुमचा खोळंबा झाला."

ॲडव्हान्स त्यांनी त्या सकाळींचा म्हणून ठेवून घेतला, काही आढेवेढे नाहीत. मला तेच आवडलं. आता त्यांनी ते आधी नाकारलेलं काम परत घेतलंय, दिवाळीपर्यंत मोकळे नाहीत. सर म्हणाले, पावसाळ्यात तसाही ढगाळ उजेड, वर्दीच्या रंगासाठी मी थांबणारच होतो. कॅनव्हास दाखवला, तैलरंग म्हणाले अगदी तसाच, तपकिरी पातळ रंगातली मांडणी. सासूबाई बराच वेळ बघत होत्या. डोळे अजून काढलेले नाहीत. सर म्हणाले डोळे तो आल्यावरच.

वर्दीचं त्यांनी स्वतःच विचारलं, घरी असेल तर पाठवा, पुतळ्यावर चढवतो. आणि छातीवरच्या पदकांच्या रिबन नीट कळतील असा फोटो मागितलाय. माझ्याकडे यांनी मोबाइलवर काढलेला एक सेल्फी आहे त्यात स्पष्ट दिसतात, तो पाठवू का?

तैलरंग | ८:४५

वाचून फार बरं वाटलं. पावसाळ्यात कॅनव्हास ते बघतीलच, पण कधी तुमच्या घरी आणलात तर प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका आणि बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, बुरशी धरते. सुती कापड टाकून आतल्या खोलीत, जमिनीपासून वर.

निवृत्त_सुभेदार | ९:०५

सूनबाई, सेल्फी पाठवू नका! बऱ्याच मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात फोटो आरशासारखा उलटा येतो. रिबन डाव्या छातीवर असतात आणि सर्वात मानाची छातीच्या मध्याकडे, मग तिथून बाहेर क्रमानं. उलटा फोटो गेला तर सर बिचारे सगळा क्रम उलटा रंगवतील आणि जो फौजी घरी येईल तो पहिलं तेच बघेल. वर्दीवर रिबन लावलेल्या असतील तर वर्दीचाच समोरून फोटो काढा, मागच्या कॅमेऱ्यानं, दिवसा. इथं टाकू नका, मला खासगी संदेशात पाठवा, क्रम तपासून देतो आणि प्रत्येक रिबनचं नाव लिहून देतो, ते सरांना द्या.

कागलची_सून | ९:१२

उद्या सकाळी काढून पाठवते काका.